खाऱ्या वाऱ्यांतला गुलाब

समुद्रकाठीं गुलाब होत नाहीं, असा एक समज आमच्या किनारपट्टींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नारळ व्हावा, पोफळ व्हावी, अबोली, अनंत, बकुळ, सोनचाफा हीं तर आमच्या परसांत न मागतां फुलावीं. पण गुलाब म्हटला कीं तो पुण्या-नाशिकाकडचा, कोरड्या हवेचा आणि थंडीचा लाडका. येथें तो आणावा, चार महिने त्याचें कौतुक करावें, आणि आषाढांत त्याच्या काळ्या पडलेल्या काड्या उपटून उकिरड्यावर टाकाव्या, हाच बहुतेकांचा अनुभव. आमचाहि सोळा वर्षें हाच अनुभव होता. अनुभव खरा होता; त्यावरून आम्हीं काढलेला निष्कर्ष मात्र खोटा होता. चार ठिकाणीं दिसलेल्या साहचर्यावरून व्याप्ति बांधण्याची घाई करूं नये, असें जन्मभर मुलांस शिकविणारे आम्ही, एका प्रकारचा गुलाब टिकला नाहीं म्हणून गुलाबमात्र टिकत नाहीं असें मानून बसलों. आमची ती चूक उतारवयांत, आणि तीहि एका वादळानें, आमच्या पदरांत घातली. समुद्रकाठीं राहणाऱ्या वाचकांस ती उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. पुढें अंगण, मागें नारळ-पोफळींची वाडी आणि भोंवतीं जांभ्याचा गडगा. आमच्या मातोश्री १९५५ सालीं या घरांत लग्न होऊन आल्या, त्या वेळीं केळशीच्या माहेराहून त्यांनीं आपल्याबरोबर गुलाबाची एक काडी आणली होती. केळीच्या ओल्या सोपटांत गुंडाळून, कांहीं वाट होडीनें व कांहीं पायीं, असा प्रवास करून आलेली ती काडी त्यांनीं तुळशीवृंदावनाच्या पश्चिमेस खोंचली. तिचें पुढें छातीइतकें उंच आणि घेरदार झुडूप झालें. फूल फिकट गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या, दांडा आंखूड. फुलदाणीच्या दृष्टीनें अगदींच कुचकामाचें. परंतु सुगंध असा कीं, देवघरांत ताम्हनांत चार फुलें असलीं तर ओटीवर बसलेल्यास तें कळावें. मातोश्रींच्या लेखीं तो नुसता 'गुलाब' होता. शेजारीपाजारी त्याला गांवठी गुलाब म्हणत.

आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. ज्याला नांव नाहीं त्याचें ज्ञान नाहीं, अशी आमची त्या काळीं समजूत होती. २००४ सालीं आम्हीं घाटावरच्या एका रोपवाटिकेंतून गुलाबाचीं चोवीस कलमें मोठ्या हौसेनें आणलीं. 'क्वीन एलिझाबेथ', 'सुपर स्टार', 'ग्लॅडिएटर' अशीं त्यांचीं भारदस्त नांवें आम्हीं पत्र्याच्या पट्ट्यांवर सुबक देवनागरींत रंगवून प्रत्येक आळ्यांत रोंवलीं. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा अंगणांत एकच होती, आणि तेथें मातोश्रींचें झुडूप उभें होतें. तें काढावयाचें ठरलें.

मातोश्री म्हणाल्या, "अरे, नांव ठाऊक नाहीं म्हणून तें परकें होतें होय? पन्नास वर्षें देवाला फूल देतें आहे तें."

आम्हीं म्हटलें, "आई, तें झुडूप कोठेंहि येईल. हीं कलमें मात्र येथेंच येतील."

"येतील तेव्हां पाहूं," इतकेंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों उपटलेल्या झुडपाचा मुळांसकट एक फुटवा न्हाणीच्या मागें, सांडपाण्याच्या पाटाशेजारीं लावलेला. सत्तरीच्या घरांतील त्या माउलीनें पहांटे उठून एकटीनें खड्डा खणला होता. आम्हीं तें पाहिलें आणि न पाहिल्यासारखें केलें.

पुढील सोळा वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. कलमें हिंवाळ्यांत फुलत. फुलें हातभर लांब दांड्यांवर, दृष्ट लागण्यासारखीं येत. वैशाखांत खाऱ्या वाऱ्यानें पानांच्या कडा करपत. आषाढांत पानांवर काळे ठिपके पडून तीं गळत, आणि श्रावणांत फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खालीं वाळत येत. दर वर्षीं पांच-सहा कलमें जात. तितकीं आम्ही पुन्हां आणीत असूं. कांहीं कलमांच्या बुडाशीं जोमदार फुटवे येत. ज्या फुटव्याला सात पानांची पाती ती रानफांदी, पांच पानांची ती खरी फांदी, असा एक नियम आम्हीं कोठेंसा वाचला होता. त्या नियमानुसार आम्ही ते फुटवे काढून टाकीत असूं. २०१२ सालीं मातोश्री गेल्या. न्हाणीमागच्या झुडपाकडे त्यानंतर सूनबाईंखेरीज कोणी फारसें पाहत नसे.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वारा ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें वाहत होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या वाड्यांत नारळी-पोफळी हजारोंनीं आडव्या झाल्या. आजोबा-पणजोबांनीं लावलेल्या वाड्या दोन-तीन तासांत होत्या कीं नव्हत्या झाल्या. आमच्या घराचीं कौलें उडालीं, वाडींतल्या निम्म्याहून अधिक पोफळी पडल्या. अशा वेळीं गुलाबांची चौकशी कोण करतो? पंधरा दिवसांनीं अंगणांतील पडझड उचलतांना पाहिलें, तर चोवीसहि कलमें संपलेलीं. कांहीं डोळा बांधलेल्या जागींच मोडलीं होतीं, कांहीं मुळासकट हलून सैल झालीं होतीं, उरलेलीं खाऱ्या फवाऱ्यानें भाजल्यासारखीं काळीं पडलीं होतीं. न्हाणीमागच्या झुडपावरहि पोफळीचें खोड पडून तें जमिनीसपाट झालें होतें.

श्रावणांत नवल घडलें. न्हाणीमागें बुडख्यांतून हातभर उंचीचे सात-आठ लालसर कोंब आले. अंगणांतहि दोन मेलेल्या कलमांच्या बुडाशीं, जोडाच्या खालून, फुटवे निघाले. आम्ही नियमाप्रमाणें कात्री घेऊन गेलों, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "बाबा, या वर्षीं नका छाटूं. अंगणांत हिरवें म्हणून एवढेंच दिसतें आहे." आम्हीं कात्री परत ठेविली. मार्गशीर्षांत एका सकाळीं ओटीवर बसलों असतां ओळखीचा वास आला. देवघरांत पाहिलें, तों ताम्हन रिकामें. उठून अंगणांत गेलों. 'ग्लॅडिएटर'च्या पाटीजवळ, त्याच्या बुडाच्या रानफांदीवर, मातोश्रींचा फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा गुलाब उमललेला होता.

सोळा वर्षें आम्हीं जी रानफांदी म्हणून कापीत आलों ती हीच होती. वाचकांस हें कोडें वाटूं नये म्हणून थोडा खुलासा करतों. रोपवाटिकेंत मिळणारा गुलाब बहुधा दोन झाडांचा मिळून झालेला असतो. खालीं मुळें एका काटक जातीचीं असतात. त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटावर दिखाऊ फुलांच्या जातीचा डोळा बांधतात. फुलें वरच्याचीं, कष्ट खालच्याचे. भारतांत खुंटासाठीं ज्या जाती वापरतात त्यांत 'एडवर्ड' या नांवानें ओळखला जाणारा सुगंधी गुलाबी गुलाब ही एक जुनी व विश्वासाची जात आहे. मातोश्रींच्या काडीचें कुळ तेंच असावें. दोहोंचीं फुलें, पानें, कांटे शेजारीं ठेवून आम्हीं ताडून पाहिलीं, तों भेद आढळला नाहीं. ज्याला आम्हीं अंगणांतून घालविलें, त्याच्याच खांद्यावर आमचीं नामांकित कलमें सोळा वर्षें बसलीं होतीं. सात पानांचा तो नियमहि भरंवशाचा नाहीं. अनेक चांगल्या झुडुपी गुलाबांस सात पानांच्या पात्या असतात. फांदी जोडाच्या वरून निघाली कीं खालून, हीच एक खरी खूण.

या गुलाबाचा पूर्वेतिहासहि समुद्राशींच निगडित आहे. मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरांत एक फ्रेंच बेट आहे. आज त्याला रेयुनियों म्हणतात. पूर्वीं त्याचें नांव बूरबाँ होतें. तेथील शेतकरी कुंपणासाठीं दोन जातींचे गुलाब लावीत: एक पश्चिम आशियांतून युरोपांत गेलेला सुगंधी दमास्क, दुसरा चीनमधील बारमाही फुलणारा. या कुंपणांतून दोहोंचा संकर आपोआप झाला. ब्रेओं नांवाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८१७ सालीं त्या बेटावर गेला. त्यानें या गुलाबाचें बीं पॅरिसकडे धाडलें, आणि त्यांतून युरोपांत 'बूरबाँ' गुलाबांचें सबंध घराणें उभें राहिलें. आपल्याकडचा एडवर्ड याच घराण्यांतला. दमास्काचा सुगंध आणि चिनी गुलाबाचा पुनःपुन्हां फुलण्याचा गुण त्यांत एकत्र आले आहेत. त्याहून महत्त्वाचें हें कीं, तो समुद्रवाऱ्यांत, उष्ण हवेंत, कुंपण म्हणून वाढलेला आहे. येथें 'चिनी गुलाब' म्हणजे आपल्याकडे त्या नांवानें कुंड्यांत लावतात तें मांसल पानांचें, जमिनीलगत पसरणारें फूलझाड नव्हे, हें सांगून ठेवितों.

आपल्या भाषेंत 'गुलाब' हा शब्द फारसींतून आला. 'गुल' म्हणजे फूल व 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे मुळांत हें फुलाचें नांवच नव्हे, तें गुलाबपाण्याचें नांव. संस्कृतांत 'पाटल' म्हटलें कीं कित्येकजण गुलाब समजतात. परंतु कालिदासादि कवींचा पाटल हा वेगळा, मोठा वृक्ष आहे. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत 'शतपत्री', 'तरुणी' हीं नांवें येतात, तीं गुलाबाचीं मानलीं जातात. एवढीं नांवें आम्हांस पाठ होतीं. अंगणांतलें झाड मात्र ओळखतां आलें नाहीं.

समुद्रकाठच्या गुलाबांचा राजा म्हणून जगांत ज्याची ख्याति आहे, तो 'रुगोसा' गुलाब जपान, कोरिया व रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूंत आपोआप उगवतो. थुनबेर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७८४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. लॅटिन भाषेंत 'रुगोसा' म्हणजे सुरकुतलेली. त्याचीं पानें जाड, सुरकुतलेलीं व तकतकीत असतात आणि खारा फवारा त्यांना सहसा बाधत नाहीं. जपानी लोक त्याला 'हामानासु' म्हणतात आणि उत्तरेकडील होक्काइदो बेटाचें तें मानचिन्ह-पुष्प आहे. युरोपांत तर तो इतका माजला आहे कीं, डेन्मार्क, जर्मनी इत्यादि देशांच्या वाळूच्या टेकड्यांवर तो स्थानिक वनस्पतींस हुसकावून लावतो, म्हणून त्याला आवर घालावा लागतो. पण त्याला कडक थंडी मानवते. हौसेनें बीं मागवून आमच्या दमट उकाड्यांत तो लावूं पाहणाऱ्यांस निराशाच पदरीं येईल. समुद्र समुद्रासारखा दिसला तरी हवा हवेसारखी नसते.

आम्हांस जवळचें उदाहरण बर्म्यूडा बेटाचें वाटतें. अटलांटिक महासागरांतील हें चिमुकलें बेट चहूंकडून खाऱ्या वाऱ्यानें वेढलेलें, वादळांच्या वाटेवरचें, आणि दमट. तेथें युरोपांतील थंड देशांचे गुलाब टिकले नाहींत. टिकले ते जुने चिनी व त्यांच्या नात्यांतले झुडुपी गुलाब. जुन्या घरांच्या परसांत, कबरस्तानांत ते पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. १९५४ सालीं तेथील लोकांनीं गुलाबमंडळ स्थापन केलें आणि परसापरसांतून अशा झाडांच्या काड्या गोळा केल्या. ज्यांचीं मूळ नांवें हरवलीं होतीं, त्यांना ज्या ठिकाणीं तीं सांपडलीं त्या जागेचें किंवा तेथील माणसांचें नांव दिलें. 'स्मिथ्स पॅरिश' या नांवाचा गुलाब असाच एका परगण्यावरून ओळखला जातो. नांव नाहीं म्हणून त्यांनीं झाड उपटलें नाहीं. झाड आहे म्हणून त्याला नांव दिलें. हें वाचलें तेव्हां आम्हांस मान खालीं घालावी लागली.

आपल्या देशांतहि उष्ण व दमट हवेचा गुलाब नाहीं असें नाहीं. बंगाल-बिहारच्या पाणथळ जमिनींत 'क्लायनोफिला' नांवाचा पांढरा रानगुलाब आहे. तो पुराच्या पाण्यांतहि तग धरतो. कोडाईकनाल येथील वीरराघवन दंपतीनें त्यापासून उष्ण प्रदेशास साजेसे नवे गुलाब तयार करण्यासाठीं अनेक वर्षें परिश्रम केले. अशा जाती जेथें सहज मिळतील तेथें अवश्य लावाव्या. तोंपर्यंत आपल्या गांवांतील जुना गांवठी गुलाब हाच आपला खरा आधार.

आतां लागवडीविषयीं चार अनुभवाच्या गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, झाड स्वतःच्या मुळांवरचें असावें. काडीपासून केलेलें झुडूप वादळानें मोडलें, खारानें करपलें, वरून सबंध वाळलें, तरी खालून जें फुटतें तें तेंच असतें. कलम मोडलें कीं वरचें गेलें तें गेलें. काडी लावण्यास आषाढ-श्रावण हा काळ उत्तम. नुकतेंच फुलून गेलेलें, पेन्सिलीएवढें जाड, चार-पांच डोळ्यांचें व वीतभर लांब असें लांकूड घ्यावें. खालचा काप डोळ्याच्या लगेच खालीं द्यावा. वरचीं दोन पानें ठेवून बाकीचीं काढावीं. अर्धी वाळू व अर्धी माती भरलेल्या पिशवींत काडी दोन-तृतीयांश पुरावी. पिशवी पडवीच्या कडेस ठेवावी; उजेड मिळावा, पण पागोळ्यांची धार अंगावर पडूं नये. दीड-दोन महिन्यांत मुळें धरतात. दहांतल्या पांच-सहा जगल्या तरी समाधान मानावें.

दुसरी गोष्ट, लावण्याची वेळ. आमच्याकडे पहिल्या पावसांत झाडें लावण्याची रीत आहे. गुलाबाच्या कोंवळ्या रोपास ती मारक ठरते. आश्विनांत, पाऊस सरतांना लावलें, तर पुढच्या ज्येष्ठापर्यंत सात-आठ महिने त्याला मुळें रोंवण्यास मिळतात. जांभ्याची माती आंबट असते व तिच्यांत पाणी तुंबतें. म्हणून दीड हात खोल-रुंद खड्डा करून माती मोकळी करावी, तींत कुजलेलें शेणखत व मूठभर शिंपल्यांचा चुना मिसळावा, आणि वाफा जमिनीपेक्षां वीतभर उंच ठेवावा. खड्ड्याच्या तळाशीं खापऱ्यांचा थर घालण्याची जुनी चाल आम्हीहि पाळीत होतों. त्यानें निचरा होत नाहीं. उलट बारीक मातीचें पाणी त्या थरावर अडून मुळांशीं राहतें. त्यापेक्षां वाफ्याच्या उतारास एक चर काढून द्यावा. पुळणीलगतच्या वाळूंत याच्या उलट स्थिति. तेथें निचरा भरपूर, ओल मात्र टिकत नाहीं. तेथें शेणखत दुप्पट घालावें.

तिसरी गोष्ट, वारा. वाऱ्याला भिंतीनें अडवूं गेलें तर तो भिंतीवरून उसळून पलीकडे अधिक जोरानें आदळतो. त्याला गाळून घ्यावा लागतो. आमच्या गडग्याच्या आंतून आम्हीं मेंदी व अडुळसा यांचें पुरुषभर उंच कुंपण केलें. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या पांच ते दहा पट अंतरापर्यंत पुरतो. आडोसा हवा म्हणून गुलाब नारळी-पोफळींखालीं नेऊं नये. त्याला दिवसाकांठीं सहा तास ऊन पाहिजेच. वैशाखांत खारा वारा सुटला आणि पाऊस आला नाहीं, तर आठवड्यांतून दोनदां सकाळींच गोड्या पाण्यानें पानें धुवावीं. संध्याकाळीं धुऊं नयेत. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी येते.

चौथी गोष्ट, पाणी. समुद्राजवळच्या विहिरींचें पाणी चैत्र-वैशाखांत मचूळ होतें. असें पाणी रोज थोडें थोडें घातलें तर पाणी उडून जातें व मीठ मुळांशीं सांचतें. म्हणून चार दिवसांनीं घालावें, पण पोटभर घालावें, म्हणजे मीठ खालीं वाहून जातें. पागोळ्यांचें पाणी सांठविण्याची सोय असेल तर तें गुलाबासाठीं राखून ठेवावें. बुडाशीं पाल्याचें आच्छादन करावें. नारळाचीं सोडणें घालावयाचीं तर तीं एक पावसाळा बाहेर भिजूं द्यावीं. ताज्या सोडणांत क्षार असतात. खत म्हणून आमचे शेजारी मासळीचें खत घालतात व त्यांचे गुलाब आमच्यापेक्षां सरस असतात, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या घरच्या सोंवळ्यास तें न मानवल्यामुळें आम्ही करंजाच्या पेंडीवर भागवितों.

पांचवी गोष्ट, पावसाळ्यांतील रोग. यावरचें औषध सुपारीच्या बागाइतदाराच्या घरांत तयारच असतें. पोफळीच्या कोळेरोगावर आपण जें बोर्डो मिश्रण फवारतों, तेंच गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांवर चालतें. शंभर ग्रॅम मोरचूद पांच लिटर पाण्यांत व शंभर ग्रॅम कळीचा चुना पांच लिटर पाण्यांत वेगवेगळा विरघळवावा आणि दोन्हीं पाणीं एकाच वेळीं तिसऱ्या भांड्यांत ओतावीं. भांडीं मातीचीं, लांकडाचीं किंवा प्लॅस्टिकचीं असावींत, लोखंडाचीं नसावींत. मग लखलखीत लोखंडी सुरीचें पातें क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस पुटी चढली तर चुना कमी पडला असें समजून थोडी निवळी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. एक फवारा पावसापूर्वीं व पुढें उघाडी मिळेल तेव्हां दोन-तीन आठवड्यांनीं एक, एवढें पुरे. गळलेलीं पानें वेंचून जाळावींत. फांदी शेंड्याकडून काळी पडूं लागली, तर पांढरा गाभा दिसेपर्यंत, त्याच्याहि बोटभर खालीं, ती कापावी. फुलें देवास वाहावयाचीं किंवा गुलकंदास घ्यावयाचीं असतील, तर आश्विनानंतर फवारा बंद ठेवावा.

शेवटची गोष्ट, छाटणी. कलमी गुलाब गुडघ्याएवढा छाटतात. झुडुपी गुलाबास तशी कठोर छाटणी नको. कोजागरीच्या सुमारास वाळकें व रोगट लांकूड काढावें, सर्वांत जुन्या दोन-तीन फांद्या बुडापासून कापाव्या, उरलेल्यांचा तिसरा हिस्सा कमी करावा. दीड महिन्यानें, मार्गशीर्षांत, फुलें सुरू होतात तीं फाल्गुनापर्यंत पुरतात. चैत्रांत जीं थोडीं फुलें येतील त्यांचा गुलकंद करावा: पाकळ्यांच्या वजनाइतकी खडीसाखर, बरणींत एकावर एक थर, आणि तीन-चार आठवडे ऊन. आमच्या घरीं ही बरणी अजून मातोश्रींचीच आहे.

एवढें केल्यानें आमचा गुलाब पुण्याच्या प्रदर्शनांत मांडण्याजोगा होईल असें नाहीं. पावसाळ्यांत तो अर्धा बोडका होतो, त्याचे दांडे आंखूडच राहतात, फूल दुसऱ्या दिवशीं ढळतें. पण तो दर वर्षीं असतो. २०२१ सालच्या मे महिन्यांत 'तौक्ते' वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां त्याचीं पानें करपलीं आणि आश्विनांत तो पूर्ववत् झाला. कलमांची हौस ज्यांस असेल त्यांनीं दोन-चार कुंड्यांत अवश्य लावावीं. आम्हीहि एक 'क्वीन एलिझाबेथ' ठेविली आहे. मात्र जमीन, ऊन आणि देवापुढची जागा ही जो टिकतो त्याची.

वादळानंतरच्या श्रावणापासून सूनबाई दर वर्षीं काड्या लावतात आणि ज्यांच्या वाड्या उजाड झाल्या त्यांच्या घरीं एकेक रोप नेऊन देतात. नारळी-पोफळी नव्यानें लावून फळास येईपर्यंत वर्षें जावीं लागतात. तोंवर अंगणांत कांहींतरी फुललेलें असावें, एवढाच त्यांचा हेतु. कोणीं नांव विचारलें म्हणजे त्या 'केळशीचा गुलाब' म्हणून सांगतात. मागील वर्षीं आम्हीं जुन्या पत्र्याच्या पट्ट्यांपैकीं एक घांसून पुसली, तिच्यावर तेंच नांव रंगविलें आणि न्हाणीमागून परत अंगणांत, तुळशीच्या पश्चिमेस आणून लावलेल्या झुडपाशीं रोंवली. तें काम मातोश्रींच्या डोळ्यांदेखत झालें असतें तर बरें झालें असतें.

समुद्रकाठच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, रोपवाटिकेकडे जाण्यापूर्वीं आपल्या गांवांतील सर्वांत जुन्या अंगणाकडे एक फेरी मारावी, आणि त्या घरांतील सर्वांत वडील स्त्रीस विचारावें कीं, हा गुलाब येथें केव्हांपासून आहे. "मी आले तेव्हां लावला," असें उत्तर मिळालें, तर तिच्याकडून एक काडी मागून घ्यावी.